देवळालीचा ताप आणि इंग्रजीचे वाक्प्रचार

माझ्या संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या मुलींच्या वहीची शेवटची पानं हमखास एकाच कामासाठी राखलेली असतात. वर लाल शाईत ‘इडियम्स’, खाली दोन रकाने. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. ‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. पाठांतर चोख असतं, कुठूनही विचारा, उत्तर तयार. या मुलींचं नर्सिंग झालेलं असतं, दोन-चार वर्षं नाशिकच्या दवाखान्यांत ड्युट्या केलेल्या असतात आणि आता इंग्लंडला जायची तयारी चाललेली असते. ओईटी म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, तिचा वाचनाचा पेपर त्यांना जड जात नाही. व्याकरणातही फारशा अडत नाहीत. तरीही तिकडे पोचल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांचे जे फोन येतात, त्यातले बहुतेक एकाच तक्रारीचे असतात. मॅडम, शब्द सगळे कळतात, वाक्यच कळत नाही.

उदाहरण देते. रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला पेशंट सोपवताना सांगते, ‘शी वॉज टच अँड गो लास्ट नाइट, बट शीज ऑन द मेंड.’ शाळेतल्या मुलालाही यातले शब्द ओळखीचे वाटतील. अर्थ मात्र असा की रात्री त्या बाईंचं काही खरं नव्हतं, आता उतार पडतोय. कोश उघडायला तिथे सवड नसते, पुढच्या खाटेवरचा पेशंट वाट पाहत असतो. त्याच्याही बोलण्यात हेच. ‘अंडर द वेदर’ वाटतंय म्हणजे अंगात कणकण आहे, बरं वाटत नाहीये. हातात ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे मुंग्या. ‘ऑफ माय फूड’ म्हणजे अन्नावरची वासना उडाली आहे. आणि एखाद्या आजी ‘आय केम ओव्हर ऑल फनी’ म्हणाल्या, तर त्यात हसण्यासारखं काही नसतं. त्यांना अचानक कसंतरीच झालेलं असतं आणि आधी ब्लडप्रेशर बघायचं असतं.

वहीतल्या दोन रकान्यांत यातलं फारच थोडं सापडतं. तिथे असतं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला हा वाक्प्रचार येतो आणि इंग्लंडच्या पावसात राहणारी माणसं तो क्वचितच वापरतात. ती म्हणतात ‘इट्स पोअरिंग’, मित्रामित्रांत ‘इट्स चकिंग इट डाउन’. कुत्र्यामांजरांचा हा पाऊस जोनाथन स्विफ्टने १७३८ साली छापलेल्या एका उपरोधिक संवादात आहे, आणि तो लिहिण्यामागे त्याचा हेतूच बड्या घरांतल्या लोकांच्या तोंडची झिजून गुळगुळीत झालेली वाक्यं पकडण्याचा होता. म्हणजे जे तेव्हाच शिळं झालं होतं, ते आपण आजही मुलांना ताजं म्हणून वाढतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण मुलं मन लावून पाठ करतात. त्यांच्या मेहनतीत कसूर नसते.

दुसऱ्या रकान्यात अर्थ लिहिला की वाक्प्रचार आला, ही समजूत मला सर्वांत आधी मोडावी लागते, आणि त्यासाठी मी मराठीचाच आधार घेते. बॅचला विचारते, मराठीत माणूस मेला हे किती तऱ्हांनी सांगता येतं? क्षणात फळा भरतो. वारले, गेले, निधन झालं, देवाघरी गेले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले, राम म्हटला, खपला, गचकला. मग विचारते, शेजारच्या काकांच्या घरी भेटायला गेलात तर यातलं काय म्हणाल? कोणीही चुकत नाही. ‘गचकला’ हा शब्द त्या दारात उच्चारायचा नाही, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. ते त्यांनी आजीच्या, आत्याच्या, गल्लीतल्या माणसांच्या तोंडून उचललेलं असतं. एकदा एवढं झालं की ‘किक द बकेट’चा प्रश्न आपोआप सुटतो. तो आपल्या ‘गचकला’चा भाऊ आहे. कोशाने ‘मरणे’ असा अर्थ दिला तो खोटा नाही, पण अर्धा आहे. हा शब्द कोण कोणाजवळ बोलतं, हे उरलेलं अर्धं. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना तर तिकडे ‘पास्ड अवे’सारखा सौम्य शब्दही टाळायला आणि स्पष्ट ‘डाइड’ म्हणायला शिकवतात, कारण धक्क्यात असलेल्या माणसाला आडून बोललेलं नीट पोचत नाही.

मराठी माणसाला वाक्प्रचार म्हणजे काय हे नव्याने शिकवायची गरजच नाही. परीक्षेत पोरगं आपटलं की ‘पानिपत झालं’ म्हणतो. धंदा परदेशात गेला की ‘अटकेपार झेंडा लावला’ म्हणतो. निरोपात कोणी लबाडी केली की ‘ध चा मा केला’ म्हणतो. पानिपत १७६१ सालचं, अटक १७५८ सालचं आणि ‘ध चा मा’ला नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाची कथा चिकटलेली. सातवीतल्या मुलाला ही सालं ठाऊक नसतात, तरी शब्द तो अचूक जागी वापरतो, कारण त्याच्या भोवतालची माणसं तसे वापरतात. इंग्रजांचंही तेच. पुरता पराभव झाला की ते म्हणतात, त्याला त्याचं ‘वॉटर्लू’ भेटलं. वॉटर्लूची लढाई १८१५ सालची, नेपोलियनच्या अखेरच्या पराभवाची. ती जिंकणारा वेलिंग्टन त्याआधी बारा वर्षं आपल्याकडे, जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढला होता, २३ सप्टेंबर १८०३ रोजी. पुढे त्याला सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं विचारल्यावर त्याने वॉटर्लू न म्हणता असईचं नाव घेतल्याची नोंद आहे. हे सांगितलं की जालन्या-भोकरदनकडची मुलं ताठ बसतात. त्यांना ‘वॉटर्लू’ पाठ करावं लागत नाही.

इंग्रजीतले खूपसे वाक्प्रचार समुद्रावरचे आहेत, हेही एकदा ध्यानात आलं की बरंच काही उलगडतं. चहूकडून पाणी असलेला देश, शेकडो वर्षं शिडाच्या जहाजांवर पोट भरणारी माणसं. जहाजावरची बोली त्यांच्यामागून घरी आली आणि ज्यांनी कधी गलबत पाहिलंही नाही त्यांच्या तोंडी बसली. ‘टेकन अबॅक’ घ्या. आपण त्याचा अर्थ ‘चकित झाला’ असा लिहितो आणि पुढे जातो. पण जहाज शिडं फुगवून वेगात चाललेलं असताना वारा एकदम समोरून फिरला, तर शीड उलटं दबून डोलकाठीवर आपटतं आणि जहाज जागच्या जागी अडखळतं, कधी मागेही रेटलं जातं. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की ‘टेकन अबॅक’ कुठे वापरायचं ते कळतं. वाढदिवसाच्या भेटीने माणूस ‘टेकन अबॅक’ होईलच असं नाही, पण ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने चारचौघांत सुनावलं तर नक्की होईल. चालतं बोलणं खुंटलं पाहिजे, पाऊल मागे पडलं पाहिजे. ‘टू द बिटर एंड’मधला ‘बिटर’ही, असं सांगतात, कडू नव्हे. नांगराचा दोर डेकवरच्या ज्या खुंटांना बांधतात त्यांना ‘बिट्स’ म्हणतात, आणि खुंटाकडचं टोक म्हणजे ‘बिटर एंड’. तिथवर दोर सोडला की पुढे सोडायला काही उरत नाही.

नेल्सन या इंग्रज नौसेनापतीची गोष्ट मुलांना विशेष आवडते. १७९४ साली कॉर्सिका बेटावरच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठाने माघारीचा इशारा दिला, तेव्हा त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसत नाही म्हणाला, अशी कथा आहे. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ या वाक्प्रचाराला ती कायमची जोडली गेली. त्यावर आपल्याकडे काय म्हणतात हे मी विचारायच्या आधीच कोणीतरी मागून ओरडतं, काणाडोळा करणे! कुठे कोपनहेगन आणि कुठे आपण, पण पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्या माणसाचा डोळा दोन्हीकडच्या लोकांना सारखाच दिसला.

क्रिकेटचं तर बोलायलाच नको, तिथे आपण त्यांच्या बरोबरीने बसलेलो आहोत. ‘स्टम्प्ड’, ‘ऑन द बॅक फुट’, ‘गुगली’, हे कोणाला समजावायचं? एखादा आमदार तिसऱ्यांदा निवडून आला की आपले पेपर ‘विजयाची हॅटट्रिक’ असा मथळा देतात, आणि ती हॅट १८५८ साली शेफील्डमध्ये एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केल्यावर लोकांनी वर्गणी काढून घेऊन दिलेली होती. एक वाक्प्रचार मात्र मी मुद्दाम सांगते. पिकल्या वयात कोणी गेलं की तिकडची माणसं हळहळत म्हणतात, ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज.’ त्यात खेळकरपणा नसतो, समाधान असतं. आपल्या ‘सोनं झालं त्यांचं’ याच्या अगदी जवळचं. नव्वदीच्या आजोबांच्या मुलीने हे म्हटलं तर मान डोलवावी. आपण होऊन तिला म्हणू नये. जवळच्या माणसाने म्हणायचं वाक्य असतं ते.

आता देवळाली. नाशिकरोडहून लॅम रोडने कॅम्पात गेलं की एक रस्ता लागतो, रेस्ट कॅम्प रोड. आम्हा लोकांना त्या नावाचं काही विशेष वाटत नाही. हवा चांगली म्हणून पारशी-गुजराती मंडळींनी बांधलेली आरोग्यधामं, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, सराव चालू असला की दूरवर ऐकू येणारे धमाके, खंडोबाची टेकडी, अशी आमची देवळाली. इंग्रजांची देवळाली निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी इथे फौजेसाठी मुक्कामाची छावणी उभारली. मुंबई बंदरापासून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर, घाटावरची थंड हवा. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन थांबायचे आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहायचे. जहाजं बाराही महिने सुटत नसत. शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा त्यांचा हंगाम असे. ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, इथेच काढावे लागत.

काम नाही, कवायत बेताची, घरी जायचं पक्कं आणि जायची तारीख नाही. उन्हाळा, मग नाशिकचा पावसाळा, दारू, भांडणं. माणसं विचित्र वागू लागत. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका शिपायाने १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत या छावणीबद्दल लिहिलं आहे, आणि शिपायांच्या त्या म्हणीचं मूळ त्याने तिथल्या रिकामपणाच्या कंटाळ्यातच शोधलं आहे. ती म्हण होती ‘डूलाली टॅप’. कोणी वेड्यासारखं करू लागला की म्हणायचं, त्याला ‘डूलाली टॅप’ झालाय. ‘डूलाली’ म्हणजे आपली देवळाली, इंग्रजी जिभेवर घोळून गोल झालेली. आणि ‘टॅप’ म्हणजे ताप. आपला, अंगातला ताप. शिपायांनी तो बाजारात, इस्पितळात, नोकरमाणसांच्या तोंडून ऐकला असणार. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘गॉन डूलाली’ एवढंच उरलं. छावण्या उठल्या, साम्राज्य गेलं, पण इंग्लंडच्या घराघरांत हा शब्द अजून नांदतो आहे. चावी फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधणाऱ्या बाईला तिचा नवरा म्हणतो, ‘यू हॅव गॉन डूलाली.’

माझी एक विद्यार्थिनी भगूरची. भगूर ते देवळाली म्हणजे पायी जाण्यासारखं अंतर. ती आता उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळात वृद्धांच्या वॉर्डात काम करते. तिथे एका पेशंटची बायको तिला म्हणाली की यांचं हल्ली ‘अ बिट डूलाली’ झालंय, रात्री उठून कामावर जायला निघतात. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची बायको अशी माहिती देते तेव्हा ती नीट लिहून घ्यायची असते, आणि तिने घेतली. शब्दाचा उगम तिला वर्गात कळलेला होता. आपण त्याच गावाच्या शेजारच्या आहोत हे तिने त्या बाईंना सांगितलं. त्या बाईंना ‘डूलाली’ नावाचं खरंखुरं गाव पृथ्वीवर आहे, तिथे रेल्वेचं स्टेशन आहे, हेच माहीत नव्हतं. जन्मभर वापरलेल्या शब्दाचा पत्ता त्यांना भगूरच्या मुलीने दिला. फोनवर हे सांगताना तिच्या आवाजात जो उत्साह होता, तो मी तिच्यात परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही पाहिला नव्हता. आणि हा शब्द आपण कुठे वापरायचा नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. घरच्या माणसाने मायेने म्हटलेलं ‘डूलाली’ नर्सने पेशंटबद्दल म्हटलं की अपमान होतो. तिने नोंदीत ‘कन्फ्यूज्ड अ‍ॅट नाइट’ लिहिलं.

म्हणून मी मुलांना सांगते, वाक्प्रचार ऐकण्यासाठी भरपूर जमवा, बोलण्यासाठी थोडेच ठेवा. एखादा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून पुरेसा कानावर पडल्याशिवाय स्वतः वापरू नका. आणि वापराल तेव्हा जसा आहे तसाच वापरा, कारण वाक्प्रचाराच्या अंगाला हात लावता येत नाही. ‘नाकी नऊ आले’ म्हणतो, काम कितीही वाढलं तरी नाकी दहा येत नाहीत. सगळ्या गावाने कंबर कसली तरी ती एकच कंबर राहते. इंग्रजीतही असंच, आणि तिथे आणखी एक खोच आहे. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. याचं कर्मणी रूप चालतं, ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ म्हटलं तरी गुपित फुटल्याचंच कळतं. पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हणा, मरण गायब होतं आणि खरीखुरी बादली लाथाडलेली दिसते. भाषाशास्त्रज्ञ याचं एक कारण असं देतात की ‘बीन्स’च्या जागी मनात गुपित ठेवता येतं, ‘स्पिल’च्या जागी फोडणं ठेवता येतं. बादलीच्या जागी ठेवायला मात्र काहीच नाही, तो शब्दसमूह सगळा मिळूनच मरण सांगतो. मला हे फार सुंदर वाटतं. वर्गात यावर अर्धा तास सहज जातो आणि मी तो जाऊ देते.

अमेरिकेला निघालेल्या पोरांना वेगळं सांगावं लागतं. मीटिंगमध्ये एखादा विषय ‘टेबल’ करूया म्हटलं, तर ब्रिटिश माणूस तो चर्चेला घ्यायला सरसावतो आणि अमेरिकन तो बाजूला ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी या एका शब्दापायी बराच वेळ वाद घालत बसले आणि शेवटी दोघांचं म्हणणं एकच असल्याचं लक्षात आलं, असं चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. आपलं ‘आउट ऑफ स्टेशन’ही असंच. साहेबाच्या नेमणुकीचं ठाणं म्हणजे स्टेशन, त्या काळातलं ते इंग्रजी आपण जपलं. इथे ते बिनचूक आहे. तिकडे ऐकणाऱ्याला मात्र तुम्ही प्लॅटफॉर्मबाहेर उभे आहात असं वाटेल.

आणि नाही कळलं तर विचारा. हे मुलींना सर्वांत जड जातं. विचारलं तर आपलं इंग्रजी कच्चं ठरेल या धास्तीने त्या हसून मान डोलावतात, आणि वॉर्डात तेच धोक्याचं असतं. खरं तर वाक्प्रचाराचा अर्थ विचारला की माणसं खूश होतात. दुसऱ्या एका मुलीला ऐंशी उलटलेल्या एका आजी म्हणाल्या, ‘आय नीड टु स्पेंड अ पेनी, लव्ह.’ हिने क्षणभर थांबून विचारलं, म्हणजे काय? आजींना बाथरूमला जायचं होतं. तिने आधी त्यांना नेऊन आणलं, मग आजींनी सविस्तर सांगितलं. त्यांच्या लहानपणी सार्वजनिक संडासाच्या दाराला नाणं टाकायचं कुलूप असे, एक पेनी टाकली की दार उघडे. ही पद्धत त्याहून जुनी. १८५१ साली लंडनच्या जंगी प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने बसवलेल्या शौचकुपांसाठी लोकांनी एकेक पेनी मोजली होती. नातवंडं आता असं म्हणत नाहीत, आजी म्हणाल्या, आमच्या वयाच्या बायकाच म्हणतात. हिने ते सगळं वहीत उतरवलं, अर्थापुढे वाक्य, वाक्यापुढे कोण म्हणालं, त्यांचं वय, त्यांचं गाव. दुसऱ्या दिवसापासून आजींनी रोज एक शब्द द्यायला सुरुवात केली. ‘पॉप युअर क्लॉग्ज’ त्यांनीच शिकवला. क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळाचे बूट, त्यांच्या भागातल्या गिरण्यांमधले कामगार वापरत ते, आणि ते ‘पॉप’ करणं म्हणजे मरणं. शिकवून झाल्यावर बोट दाखवत बजावलं, हे मी म्हणायचं, तू नाही, आणि त्या नव्या डॉक्टरांसमोर तर मुळीच नाही.